मेल्या नाहीत, गप्प आहेत

पेशी नीट वाढत असल्या की माध्यमाचा रंग बदलतो. आमच्या आरपीएमआय माध्यमात फिनॉल रेड असायचं. ताजं माध्यम गुलाबीसर लाल दिसतं. पेशी विभागायला लागल्या की त्यांनी टाकलेल्या आम्लामुळे ते दोन-तीन दिवसांत नारिंगी होतं, मग पिवळं. त्यामुळे काउंट हातात यायच्या आधीच प्लेट उजेडासमोर धरून अंदाज बांधायची सवय प्रत्येकाला लागते. १९९६ च्या पावसाळ्यात एका सकाळी मी इनक्युबेटरमधून ९६ खळग्यांची प्लेट काढली आणि खिडकीशी नेली. डावीकडचे तीन रकाने पिवळे झाले होते. उजवीकडचे तीन जसेच्या तसे गुलाबी होते.

पीएचडीचं माझं दुसरं वर्ष होतं, पुण्यातच. आदल्या महिन्यात कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर रात्रीतून संपला होता आणि तीन महिने जपलेल्या टी-पेशी गेल्या होत्या. त्या पेशींना दर दोन-तीन आठवड्यांनी प्रतिजन, म्हणजे त्या ओळखतात तो पदार्थ, द्यायचा, किरणोत्सर्ग दिलेल्या उंदराच्या प्लीहापेशी द्यायच्या, इंटरल्युकिन-२ द्यायचं. सणवार असो, घरी कोणाचं लग्न असो, पेशींची वेळ चुकवायची नाही. विकतचं इंटरल्युकिन परवडायचं नाही, म्हणून उंदरांच्या मोठ्या भावंडाच्या, म्हणजे रॅटच्या प्लीहापेशी कॉन-ए घालून वाढवायच्या आणि वरचं पाणी गाळून तेच वापरायचं. इतकं करून गेलेल्या पेशी. त्यामुळे उजवीकडचे गुलाबी खळगे पाहून पोटात गोळा आला. परत मेल्या.

माझ्या मार्गदर्शक मॅडमना तसं सांगितलं. त्यांनी प्लेट हातात घेतली, खालून पाहिली आणि विचारलं, "ट्रिपॅन ब्लू केलंस?"

"नाही, मॅडम."

"मग मेल्या कशावरून?"

ट्रिपॅन ब्लू हा साधा निळा रंग आहे. मेलेल्या पेशीचं आवरण फाटलेलं असतं, रंग आत शिरतो आणि ती निळी दिसते. जिवंत पेशी तो आत घेत नाही. मी उजव्या बाजूच्या एका खळग्यातल्या पेशी काढल्या, रंगात मिसळल्या, मोजणीच्या काचेवर एक थेंब सोडला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काचेवरच्या रेघांच्या चौकटींत पेशी पडल्या होत्या. किरणोत्सर्गानं खचलेल्या प्लीहापेशी निळ्या होत्या, ते अपेक्षितच होतं. त्यांच्यामध्ये मात्र गोल, नितळ, कडेला प्रकाशाची कड असलेल्या टी-पेशी होत्या. भरपूर होत्या. पहाटे दवाचे थेंब चमकतात तशा चमकत होत्या. त्यातली एकही निळी नव्हती, असं नाही. पण बहुतेक जिवंत होत्या.

जिवंत होत्या आणि काही करत नव्हत्या.

दोन्ही बाजूंना टी-पेशी एकाच कुळातल्या होत्या. प्रतिजन तोच, अंड्याच्या पांढऱ्यातलं ओव्हाल्ब्युमिन. ताज्या प्लीहापेशी तेवढ्याच. फरक एका आठवड्यापूर्वीचा होता. उजवीकडच्या टी-पेशींना तेव्हा हाच प्रतिजन एकदा दाखवला होता, पण कार्बोडायइमाइड या रसायनानं थिजवून टाकलेल्या प्लीहापेशींवर. थिजलेली पेशी प्रतिजन दाखवू शकते, बाकी काही करू शकत नाही. ही कल्पना आमची नव्हती. अमेरिकेत मार्क जेन्किन्स आणि रोनाल्ड श्वार्ट्झ यांनी १९८७ मध्ये हे दाखवलं होतं आणि आम्ही ते आमच्या हातांनी उभं करू पाहत होतो. मी त्यांचा शोधनिबंध चार वेळा वाचला होता. तरीही स्वतःच्या प्लेटवर गुलाबी रंग दिसला तेव्हा मला मरणच सुचलं. वाचलेलं आणि पाहिलेलं यांच्यात एवढं अंतर असतं.

मॅडमनी त्याच दिवशी दुसरी प्लेट लावायला सांगितली. गप्प राहिलेल्या पेशी धुऊन घ्यायच्या, अर्ध्या खळग्यांत पुन्हा नुसता प्रतिजन, अर्ध्यांत इंटरल्युकिन-२. शेवटच्या सोळा तासांसाठी ट्रिटियम लावलेलं थायमिडिन घालायचं. पेशी नवा डीएनए बनवत असेल तर ते आत घेते, आणि नंतर यंत्रात मिनिटाला किती काउंट येतात त्यावरून कळतं. तिसऱ्या दिवशी छापलेल्या पट्टीवर आकडे उतरायला लागले. नुसता प्रतिजन दिलेल्या खळग्यांत आठशे-नऊशे. इंटरल्युकिन मिळालेल्यांत वीस हजारांच्या पुढे. मी पट्टी घेऊन मॅडमच्या खोलीत अक्षरशः धावत गेले. त्यांनी आकड्यांखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि म्हणाल्या, "बघ, मेल्या नाहीत. गप्प आहेत."

ही गोष्ट मी गेली अनेक वर्षं एमएस्सीच्या मुलांना सांगते, कारण टी-पेशींबद्दल त्यांच्या डोक्यात एकच चित्र असतं: सैनिक. शाळेच्या पुस्तकापासून ते चित्र पक्कं झालेलं असतं. शत्रू आला की लढणारा. सैनिक लढत नसेल तर तो झोपलाय, पळालाय किंवा मेलाय. गप्प राहणं हे टी-पेशीचं कामच असू शकतं, हे त्या चित्रात बसत नाही. मला ते चित्र नुकसान करणारं वाटतं आणि मी वर्गात ते पहिल्याच तासाला पुसते.

टी-पेशी घडते ती छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत. तिथे चाळणी लागते. आपल्याच शरीराच्या प्रथिनांवर जोरात चिकटणाऱ्या पेशी तिथेच संपवल्या जातात, आणि ज्यांचा काहीच उपयोग नाही त्याही. शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक पेशी थायमसमधून बाहेर पडतच नाहीत. एअर नावाचं एक जनुक थायमसमध्ये इन्सुलिनसारखी, एरवी फक्त एखाद्या अवयवात सापडणारी प्रथिनं थोडी थोडी बनवून घेतं, म्हणजे परीक्षा आधीच होऊन जाते. व्यवस्था विलक्षण आहे, पण पुरी पडत नाही. आपण रोज खातो ती डाळ, दूध, अंडं थायमसमध्ये नसतात. वयात आल्यावर तयार होणारी प्रथिनं पाचव्या वर्षी नसतात. आईच्या पोटातल्या बाळात बापाकडून आलेली प्रथिनं असतात आणि ती तिच्या थायमसनं कधी पाहिलेली नसतात. शिवाय चाळणीतून निसटलेल्या, स्वतःवरच चालून जाऊ शकणाऱ्या पेशी प्रत्येक निरोगी माणसाच्या रक्तात असतात. तुमच्या आहेत, माझ्याही. तरी आपण बरे असतो, कारण बाहेर पडलेल्या, पिकलेल्या पेशींनाही पुढे शिकवलं जातं. माझं सगळं आयुष्य या दुसऱ्या शाळेच्या दारात गेलं.

या शाळेचा पहिला धडा दोन इशाऱ्यांचा. टी-पेशीच्या ग्राहीनं प्रतिजन ओळखला, हा एक इशारा. तो पुरत नाही. प्रतिजन दाखवणारी पेशी त्याच वेळी बी७ नावाचे रेणू पुढे करते, ते टी-पेशीच्या सीडी२८ ला जुळतात, हा दुसरा. जंतू शिरलेला असतो, दाह असतो, तेव्हा प्रतिजन दाखवणाऱ्या डेंड्रायटिक पेशी बी७ भरपूर दाखवतात. शांत काळात, घरच्याच मेलेल्या पेशींचे तुकडे दाखवताना, फार कमी. पहिला इशारा आला आणि दुसरा आलाच नाही, तर टी-पेशी फक्त थांबत नाही, ती पुढच्या वेळेसाठीही गप्प होते. पुढे नीट दोन्ही इशारे आले तरी ती इंटरल्युकिन-२ बनवत नाही. आम्ही त्याला अ‍ॅनर्जी म्हणतो. माझ्या उजव्या रकान्यांत तेच झालं होतं.

त्या प्रयोगमालिकेतला मला सर्वांत भिडलेला भाग वेगळाच होता. अमेरिकेतल्या त्याच प्रयोगांत पेशींना गप्प करताना सायक्लोहेक्झिमाइड घातलं, म्हणजे नवी प्रथिनं बनवायला बंदी केली, तर पेशी गप्प होत नव्हत्या. सायक्लोस्पोरिन घातलं तरी नाही. मी हे वाचून दोन दिवस अस्वस्थ होते. गप्प राहायला पेशीला मेहनत करावी लागते. ती काहीतरी बनवते, तेव्हा कुठे ती गप्प होते. पुढे २००२ मध्ये अंजना राव यांच्या हार्वर्डमधल्या प्रयोगशाळेनं याचा उलगडा केला. ग्राहीतून इशारा आला की पेशीत कॅल्शियम वाढतं आणि एनएफएटी हे प्रथिन केंद्रकात जातं. सीडी२८ चा इशाराही असेल तर त्याला एपी-१ ची जोड मिळते आणि दोघं मिळून इंटरल्युकिन-२ चं जनुक चालू करतात. एपी-१ नसेल तर एकटं एनएफएटी वेगळीच जनुकं चालू करतं, आणि अशा गप्प पेशीत सीबीएल-बी, इच, ग्रेल ही प्रथिनं वाढलेली दिसतात. ती आतल्या संदेशवाहक प्रथिनांवर खूण करतात आणि खूण झालेलं प्रथिन मोडीत निघतं. म्हणजे पेशी स्वतःच्या हातानं स्वतःच्या तारा सोडवते.

आणि सायक्लोस्पोरिनचं काय? ते तर मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना प्रतिकार दाबायला देतात. पेशी त्यानं आज शांत होते, पण गप्प राहायला शिकत नाही, कारण शिकायलाही तोच कॅल्शियमचा रस्ता लागतो. बदललेलं मूत्रपिंड टिकवायला औषध वर्षानुवर्षं चालूच ठेवावं लागतं, त्यामागे बरीच कारणं आहेत, त्यातलं मला कळलेलं एक हे.

टॉलरन्सला मराठीत सहनशीलता म्हणतात. मला तो शब्द पुरता पटत नाही. सहन करण्यात नाइलाज आहे. आमच्या सासूबाई एखाद्या समजूतदार माणसाबद्दल म्हणायच्या, "त्यानं दम धरला." दम धरण्यात ताकद लागते, आणि तो आतून धरावा लागतो. गुलाबी खळग्यांतल्या पेशी दम धरून होत्या.

सगळ्याच पेशींना ते जमत नाही, किंवा जमू दिलं जात नाही. काही मरतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन यांच्या गटानं २००१ मध्ये उंदरांच्या डेंड्रायटिक पेशींपर्यंत प्रतिजन नेमका पोचवला, पण त्यांना कुठलीही धोक्याची सूचना न देता. टी-पेशी आधी विभागल्या, भरभर वाढल्या, आणि आठवड्याभरात बहुतेक नाहीशा झाल्या. त्याच प्रतिजनासोबत धोक्याचा इशारा दिला तेव्हा मात्र त्या टिकल्या आणि लढायला तयार झाल्या. काही टी-पेशींना आपला प्रतिजन कधी भेटतच नाही, त्या अजाण राहतात. या दोन प्रकारांवर मी काम केलेलं नाही, म्हणून इथेच थांबते.

आणखी एक गोष्ट मी जवळून पाहिली ती मॅडमच्या चेहऱ्यावर. शुक्रवारी आमचा जर्नल क्लब असायचा. एकदा मी शिमॉन साकागुची यांचा १९९५ चा शोधनिबंध मांडायला घेतला. त्यांनी उंदराच्या टी-पेशींतून सीडी२५ हा रेणू पृष्ठभागावर असलेल्या पेशी काढून टाकल्या होत्या. सीडी४ टी-पेशींत त्या दहा टक्क्यांच्या आसपास. उरलेल्या पेशी थायमस नसलेल्या उंदरांत सोडल्या तर त्यांचे अनेक अवयव त्या टी-पेशींनी पोखरले. काढलेल्या पेशी वेळेत परत दिल्या तर उंदीर वाचले. म्हणजे काही पेशी इतरांना आवरतात. मॅडम हात बांधून ऐकत होत्या. सत्तरच्या दशकात दमन करणाऱ्या टी-पेशींचा मोठा गाजावाजा झाला होता आणि पुढे ज्या जनुकावर तो सगळा डोलारा उभा होता ते जनुक त्या जागी नसल्याचं निघालं. मॅडमची पिढी त्यात पोळली होती. त्या एवढंच म्हणाल्या, "पेशी हातात धरता येते का, ते दाखवा. मग मानते."

२००१ मध्ये एक वेगळंच जनुक सापडलं. अमेरिकेत ओक रिजला १९४० च्या दशकात उंदरांचं एक कुळ निपजलं होतं, स्कर्फी नावाचं. त्यातल्या नर पिल्लांची कातडी खवल्यांची व्हायची, प्लीहा फुगायची आणि ती जेमतेम काही आठवडे जगायची. मेरी ब्रंको आणि फ्रेड राम्सडेल यांनी एक्स गुणसूत्र तुकड्या-तुकड्यानं चाळत त्यामागचं जनुक काढलं: फॉक्सपी३. तेच जनुक बिघडलं की मुलांना आयपेक्स नावाचा जीवघेणा आजार होतो. तान्हेपणीच मधुमेह, जुलाब, कातडीचे चट्टे. दोन वर्षांत साकागुचींनी दाखवून दिलं की त्या आवरणाऱ्या पेशींची ओळख म्हणजे हेच फॉक्सपी३. मी मॅडमना निबंधाची प्रत नेऊन दिली. तेव्हा त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून पहिली आकृती बराच वेळ पाहिली. "आता मानायला हवं," म्हणाल्या. वैज्ञानिकानं मत कसं बदलावं, हे मी त्या दुपारी शिकले. ६ ऑक्टोबर २०२५ ला या तिघांना नोबेल जाहीर झालं तेव्हा मॅडम नव्हत्या. मला पहिली आठवण त्यांचीच आली.

गप्प ठेवण्याचं हे सगळं कौतुक मी करत असताना त्याची दुसरी बाजू घरात आली. माझ्या मामाला गालाचा कर्करोग झाला. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर, तोंडात तंबाखूची चिमूट. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, आजार परतला. कर्करोगाची पेशी हीच शाळा आपल्या सोयीनं वापरते. पीडी-एल१ हा रेणू ती पुढे करते, तो टी-पेशीच्या पीडी-१ ला जुळतो आणि टी-पेशी दम धरून बसते. तासुकू होंजो यांनी पीडी-१ शोधलं, जेम्स अ‍ॅलिसन यांनी सीटीएलए-४ हा दुसरा लगाम सोडवून उंदरांचे ट्यूमर विरघळताना पाहिले. दोघांना २०१८ चं नोबेल मिळालं. सीटीएलए-४ जन्मतःच नसलेले उंदीर तीन-चार आठवड्यांत मरतात, हे १९९५ मध्येच कळलं होतं. लगाम किती महत्त्वाचा, त्याचा तो पुरावा.

पीडी-१ ला झाकणारं औषध म्हणजे निवोलुमॅब. नेहमीची मात्रा २४० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी, आणि तिचा खर्च आपल्याकडच्या बहुतेक घरांना न झेपणारा. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर चाचणी घेतली. निम्म्यांना स्वस्त गोळ्यांची त्रयी, निम्म्यांना त्यासोबत निवोलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. वर्षभरानंतर पहिल्या गटातले १६.३ टक्के हयात होते, दुसऱ्यातले ४३.४ टक्के. हा निकाल आला नसता तर मामाला ते औषध कधी मिळालं नसतं.

तिसऱ्या महिन्यात गालावरची गाठ बसायला लागली. मामा पेज सोडून भात खायला लागला. आणि त्याच सुमारास त्याला भर मे महिन्यात थंडी वाजायला लागली. चादर घेऊन दिवसभर पडून. मामी म्हणाली, वयामुळे असेल, अशक्तपणा असेल, आणि शेजारच्या दुकानातून टॉनिक आणलं. तीन आठवडे तसेच गेले. मी भेटायला गेले तेव्हा चेहरा सुजलेला, आवाज घोगरा. थायरॉइडची टीएसएच चाचणी करून घेतली तर आकडा कितीतरी पट वाढलेला. थायरॉइड ग्रंथी बंद पडत चालली होती.

"बाळ, औषध गालाचं आणि थायरॉइडला काय झालं?" मामानं विचारलं.

मी त्याला सांगितलं, की तुझ्या अंगात थायरॉइडवर चालून जाऊ शकणाऱ्या पेशी जन्मभर होत्या. पासष्ट वर्षं त्या दम धरून होत्या. आपण गालातल्या गाठीसाठी लगाम सोडला, तो त्यांचाही सुटला.

मामानं थोडा विचार केला. "घाटात ब्रेक सोडला की गाडी रस्त्यानं उतरते का दरीत, ते मग आपल्या हातात नसतं," म्हणाला. विद्यार्थ्यांना मी ज्यासाठी एक तास घेते ते त्यानं एका वाक्यात पकडलं होतं.

थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली, महिन्याभरात तो उठून बसला. औषध थांबवावं लागलं नाही. त्यानंतर तो सव्वा वर्ष जगला, त्यात नातीचं बारसं झालं, त्याचं जेवण त्यानं स्वतःच्या दातांनी केलं. त्या सव्वा वर्षाचं मोल आमच्या घराला माहीत आहे. पण ते तीन आठवडे मला अजून टोचतात. थायरॉइड होतं म्हणून निभावलं. तीच आग आतड्यात, फुफ्फुसात किंवा हृदयात लागली असती तर टॉनिकवर तीन आठवडे काढणं त्याला झेपलं नसतं. ज्या घरात मी होते, त्या घरात हे कोणाला माहीत नव्हतं, हा दोष माझा.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात कोणाला निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब किंवा या जातीचं दुसरं औषध चालू असेल, तर पुढच्या गोष्टी घरगुती समजू नका: दिवसातून चार-पाच वेळा होणारे जुलाब, नवा कोरडा खोकला किंवा दम लागणं, छातीत दुखणं, अंगभर पुरळ, डोळे पिवळे होणं, न उतरणारा थकवा, विनाकारण थंडी वाजणं. हे त्रास औषध बंद झाल्यावर काही महिन्यांनीही होऊ शकतात. जुलाब थांबवायची गोळी दुकानातून आणू नका. ज्या डॉक्टरांनी औषध दिलं त्यांना त्याच दिवशी फोन करा, आणि दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर पहिलं वाक्य हेच सांगा, की यांना इम्युनोथेरपी दिलेली आहे.